हमीदा बानू पैलवान : तुमच्या घरात कुणी पाहिली होती का?

रानजाई
लहानपणी जेवताना मी तिसरी भाकरी मागितली की आजी परातीत पीठ ओढत म्हणायची, "घे गं माझी हमीदा." चुलतभावाला अंगणात लोळवलं तेव्हाही तेच. आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीत हमीदा नावाचं कुणीच नव्हतं, आणि ही हमीदा कोण हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

४ मे २०२४ ला सकाळी गूगलच्या पानावर एका पैलवान बाईचं चित्र आलं. नाव, हमीदा बानू. आजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हातातला चहा तसाच गार झाला.

तेव्हापासून जमेल तसं वाचते आहे. मूळची मिर्झापूरची. अलीगढला सलाम पैलवानांच्या हाताखाली तयार झाली, म्हणून वर्तमानपत्रांनी तिला 'अलीगढची ॲमेझॉन' केलं. १९४४ मध्ये मुंबईत गुंगा पैलवानाशी तिची कुस्ती ठरली तेव्हा २० हजार माणसं जमली होती. समोरच्याने ऐनवेळी जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने जाहीर केलं, मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. त्यानंतर पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल पडले. मे महिन्यात बडोद्यात बाबा पैलवान, १ मिनिट ३४ सेकंदांत. तोवर आपण ३०० हून अधिक कुस्त्या जिंकल्या आहेत, असं ती सांगत होती.

यातला आपला भाग मात्र वाचून मान खाली जाते. कोल्हापुरात तिने एका पंजाबी मल्लाला पाडलं तर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती तिथल्या तालीम संघाच्या हरकतीमुळे झालीच नाही.

दोन प्रश्न आहेत. तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी तिला पाहिलं होतं का, किंवा घरात तिचं नाव निघायचं का? आणि दुसरा. तिचं नाव काढलं की प्रत्येक जण पहिल्यांदा "पण ते खरं होतं का?" एवढंच का विचारतो?

लालमाती
ताई, धागा काढलात ते फार बरं केलं. मी कोल्हापूरचाच, घरात तीन पिढ्या तालीम. आमच्या आजोबांनी पाहिलं नव्हतं, पण नाव ऐकून होते. "ती बाई खालनं शिरायची," एवढंच म्हणायचे.

हे वाक्य ज्याने हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पाय ठेवलाय त्याला कळेल. उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो. असा गडी समोर आला की त्याचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, तुम्हाला स्वतःला गुडघ्यापर्यंत वाकावं लागतं. वाकलात की मान त्याच्या हातात, आणि वरून भार पडला की संपलं. उंच, दिखाऊ शरीराचे पैलवान अशा बसक्या गड्यापुढे नेहमी अडचणीत येतात. दीड मिनिटात कुस्ती निकाली होणं यात काही चमत्कार नाही. सलामी झाली, हात लागले, एकाने चूक केली की पाठ मातीला. तासतासभर खडाखडी चालते ती दोघं एकमेकांना ओळखून असतात तेव्हा. बाई म्हणून जो गाफील उतरला असेल त्याला ९४ सेकंद पुष्कळ.

मिसळ_तिखट
आजीचं "घे गं माझी हमीदा" वाचून पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

सडेतोड
मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. मलाही बाईंबद्दल आदर आहे. पण ३०० कुस्त्यांत एकही पराभव नाही, आणि समोर सगळे पुरुष? त्या काळात कोल्हापूर, सांगलीत जे खरे नामी मल्ल होते त्यांच्यापैकी एकाशी तरी ती निकाली लढली का? बडोद्यातसुद्धा आधी छोटे गामा लढणार होते. ते बाईशी लढणार नाही म्हणून ऐनवेळी मागे हटले, आणि मग बाबा पैलवान उभे राहिले. समोरचे मल्ल खरे होते का, हा प्रश्न मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याही उत्तरात आला होता. तिच्या कुस्त्यांवर बंदीसारखीच परिस्थिती आली तेव्हा तिने त्यांच्याकडे तक्रार केली. त्यावर उत्तर आलं की बाई आहे म्हणून नव्हे, तर आयोजक तिच्यासमोर खोटे प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. म्हणजे शंका घेणारा मी पहिला नाही.

रानजाई
@सडेतोड, राग मुळीच नाही. पण तुमच्याच शेवटच्या मुद्द्यावर थांबू या. तक्रार कुणाबद्दल होती? आयोजकांबद्दल. आणि काम कुणाचं बंद झालं? तिचं. ती हौसेखातर लढत नव्हती. तिकीट लावून होणारी कुस्ती हेच तिचं पोट. कुस्ती थांबली की त्या महिन्याची चूल थांबली. उद्या एखाद्या नाटकाच्या ठेकेदाराने खोटी तिकिटं छापली म्हणून नटाला रंगमंचावर चढू द्यायचं नाही, तसं झालं हे.

आणि छोटे गामा मागे हटले हा त्यांचा निर्णय. त्याचा जाब तिला कसा विचारायचा?

लालमाती
'नुरा कुस्ती', म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती, हा शब्द आपल्याकडे जुना आहे, आणि तो पुरुषांच्या कुस्तीलाच लावला जातो. तिकिटाच्या दंगली, मोठी बक्षिसं, दोन नामांकित मल्ल तासभर नुसते हात झटकतात आणि शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. लोक शिव्या घालत घरी जातात, पण पुढच्या वर्षी पुन्हा तिकीट काढतात. त्या मल्लांना कुणी दगड मारले नाहीत. सडेतोड साहेबांची शंका मला चुकीची वाटत नाही, तिच्या काही कुस्त्या ठरवून झाल्याही असतील. फक्त मग ती सगळ्यांनाच लावा.

सडेतोड
हे पटलं. मागे घेत नाही, पण पटलं.

विश्वामित्रीकाठ
आम्ही पाच पिढ्या बडोद्यात असलेले मराठी. इथे कुस्तीला सरकारवाड्यापासून मान. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि तिथले राजरत्न माणिकराव ही नावं आमच्या लहानपणी घरातल्या मोठ्या माणसांसारखी घेतली जायची. तरीही बाईची कुस्ती ही त्या शहरालासुद्धा नवलाई होती. आमच्याकडचे नामवंत खोखोपटू सुधीर परब तेव्हा लहान होते. वाहनांवर फलक लावून तिच्या कुस्तीची जाहिरात फिरत असे, ही आठवण त्यांनी सांगितलेली आहे.

आमच्या घरी माझे मोठे काका तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. ते तिकीट काढून गेले नव्हते, पण गाडीमागे पळाले होते. कुस्तीपेक्षा त्यांना त्या गाडीमागे पळताना सुटलेली चप्पल जास्त आठवते. ती सापडली नाही आणि घरी मार बसला. बाबा पैलवानांनी त्यानंतर कुस्ती सोडली हे मात्र ते नेहमी सांगायचे.

हिशेबनीस
तिच्या खुराकाची यादी सगळीकडे फिरते ती अशी : दिवसाला ५.६ लिटर दूध, २.८ लिटर सूप, १.८ लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोच्या आसपास मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, ६ अंडी, दोन मोठे पाव आणि बिर्याणीच्या दोन ताटल्या. झोप ९ तास, मेहनत ६ तास.

मला हे दशांश बरेच दिवस टोचत होते. कोण पैलवान ५.६ लिटर मोजून दूध पितो? मग लक्षात आलं, आपला जुना शेर साधारण ०.९३३ किलोचा. सहा शेर म्हणजे ५.६. तीन शेर म्हणजे २.८. दोन शेर म्हणजे जवळजवळ १.९. माझा अंदाज असा की मूळ बातमीत सहा शेर दूध, तीन शेर सूप, दोन शेर रस असं सरळ असणार आणि नंतर कुणीतरी लिटर केले. सहा शेर म्हटलं की एकदम आपल्या ओळखीच्या पैलवानाचा खुराक वाटतो.

मिसळ_तिखट
हिशेबनीस, तुम्हाला माझ्याकडून सहा शेर दूध! आमच्या हिला हे वाचून दाखवलं. म्हणाली, बिर्याणीच्या दोन ताटल्या तर मीही खाते, आता मेहनतीचे सहा तास कुठून काढू ते सांगा.

हिशेबनीस
वहिनींना नमस्कार. सुरुवात झोपेच्या नऊ तासांपासून करा म्हणावं.

लालमाती
चेष्टा बाजूला ठेवून एक सांगतो. हा खुराक परवडायला तेव्हाही पैसा लागायचा. पुरुष मल्लांना संस्थानं पोसत होती. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, देशभरचे मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले, त्यांचा खुराक दरबारातून जायचा. संस्थानं गेल्यावर त्यांचेही हाल झालेच. पण या बाईला तो आधार कधीच नव्हता. तिचं दूध-बदाम तिकिटावरच. म्हणून मला तो १९५४ चा जाहीर पुकारा धंद्याचा वाटतो, आणि धंदा हा शब्द मी मानाने वापरतोय.

अबोली_१९
लग्नाच्या पैजेचं मला मात्र वाईट वाटतं. एवढी ताकदवान बाई, आणि लोकांनी यावं म्हणून स्वतःलाच बक्षीस म्हणून लावायचं? पुरुष मल्ल चांदीची गदा लावतो, ही स्वतःला लावते.

रानजाई
@अबोली_१९ मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग वाटलं, ही पैज तिने हरण्यासाठी लावलेलीच नव्हती. "मला पाडा" या दोन शब्दांवर तिचा केवढा भरवसा असेल!

अबोली_१९
असेल. पण पैज लावावी लागली हेही आहेच ना. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

कृष्णाकाठची
इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. सांगली जिल्ह्यातल्या एका गावची मी. वडील पैलवान, आम्ही तिघी बहिणी. मुलगा नाही म्हणून लोक हळहळायचे. वडिलांनी मला आठव्या वर्षी तालमीत नेलं. पहाटे चारला उठून आधी हौदा खणायचा, मग माती चाळायची. त्या मातीत तेल, हळद, लिंबू, ताक घातलेलं असतं. तो आंबूस थंड वास अजून नाकात आहे. मुलं बाराशेला थांबायची तिथे मी पंधराशे बैठका मारायचे, कारण माझ्याशी लढायला कुणी नसायचं. नुसती मेहनत.

बाराव्या वर्षी शेजारगावच्या जत्रेत वडील मला घेऊन गेले. नारळाच्या कुस्त्या चालू होत्या, जिंकेल त्याला नारळ. मी चड्डी-बनियनवर शर्ट घालून हौद्याच्या कडेला बसले. माझ्या वजनाचा एक मुलगा उभा राहिला, हलगी वाजायला लागली, मी मातीला हात लावून कपाळाला लावला. तेवढ्यात यात्रा कमिटीचे एक जण आले आणि वडिलांच्या कानात काहीतरी बोलले. वडिलांनी मला हाताने खूण केली, ये. मी परत फिरले. कपाळावरची माती तशीच होती. एसटीत वडील एक शब्द बोलले नाहीत. तिकिटाच्या सुट्या पैशांबरोबर त्यांनी खिशातून एक नारळ काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तो त्यांनी विकत घेतला होता.

ही गोष्ट १९९६ ची. हमीदा बानूला ज्या हौद्यात चाळीस वर्षं आधी उतरू दिलं, तिथे मला उतरू दिलं नाही. म्हणून तुम्ही तिला दगड मारल्याचं लिहिलंत ना, ते मी दोनदा वाचलं. दगड खाण्यासाठी आधी आत जायला मिळालं होतं तिला.

लालमाती
ताई, वाचून गप्प झालो. तुमच्या वडिलांना साष्टांग नमस्कार सांगा.

सडेतोड
माझाही.

बेएरियातून
कृष्णाकाठची, तुमच्यानंतर काही लिहिणं जड आहे, पण एक जुळणारी गोष्ट सांगावीशी वाटते. हमीदा बानूच्याच काळात अमेरिकेत मिल्ड्रेड बर्क नावाची बाई व्यावसायिक कुस्ती करत होती. १९३७ पासून ती महिलांची विजेती. तिचीही सुरुवात जत्रांमध्ये, पुरुषांना आव्हान देऊन. तिचा नवराच आयोजक. आणि इथेही शहाण्यासुरत्या लोकांनी काय केलं, तर न्यूयॉर्क राज्यात बायकांच्या कुस्तीवर बंदी. ती १९७२ मध्ये उठली. मिर्झापूरची एक आणि अमेरिकेतली एक, दोघींना बहुधा एकमेकींचं नावही माहीत नसेल, पण वाट तीच.

शिवाजी_चौक_कल्याण
कल्याणवाल्यांनी हजेरी लावायलाच हवी, कारण ती शेवटी आमच्याकडेच राहिली. १९५४ मध्ये मुंबईत रशियाची 'मादी अस्वल' म्हणवणारी व्हेरा चिस्टिलिन तिने मिनिटाच्या आत पाडली. त्यानंतर युरोपात जाऊन लढायचं तिच्या मनात होतं. तिथून पुढे ती कुस्तीच्या बातम्यांतून जवळजवळ नाहीशीच होते. घरच्या माणसांनी बीबीसीला सांगितलेली हकीकत अशी की सलाम पैलवानांना तिचं युरोपला जाणं मान्य नव्हतं आणि त्यांनी तिला मारून तिचे हात मोडले. पुढे ती कल्याणात दूध विकायची, खोल्या भाड्याने द्यायची, पैशाची ओढाताण झाली की घरी केलेलं खाणं रस्त्याकडेला बसून विकायची. १९८६ मध्ये गेली.

आमच्या बाजूला तेव्हा तबेले होते. माझी आई पहाटे बरणी घेऊन दुधाला जायची. मी तिला परवा विचारलं, त्या बाईला पाहिल्याचं आठवतं का? म्हणाली, "दूध घालणाऱ्या बायका पुष्कळ होत्या रे. कुणाच्या हाताकडे कोण बघतंय." तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

अबोली_१९
ज्या हातांना समोरचा मल्ल घाबरायचा तेच. घरातल्याच माणसाने.

यावर 'खरं होतं का' असं कुणी विचारत नाही, हे लक्षात आलं का तुमच्या?

सडेतोड
आलं.

हिशेबनीस
जरा तारखांचा हिशेब मांडतो, कारण ती किती आधी होती ते आकड्यांतच दिसतं. खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्यपदक १९५२ चं. हमीदा बानूची बडोद्याची कुस्ती त्यानंतर दोन वर्षांनी. महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ मध्ये. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये नॉर्वेत, म्हणजे ती गेल्यावर एका वर्षाने. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली २००४ ला. साक्षी मलिकचं पदक २०१६ चं. तिच्यासमोर उभं करायला बायका जवळजवळ नव्हत्याच, तर ती पुरुषांशी न लढून करणार काय होती?

शिवाजी_चौक_कल्याण
हिशेबनीस, त्यात एक तारीख माझीही घाला. मार्च २०२३, सांगली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने अंतिम कुस्ती जिंकली आणि समोर होती वैष्णवी पाटील. कुठली, तर कल्याणची! त्या दिवशी आम्ही हरलो होतो तरी माझा ऊर भरून आला होता. ज्या गावात हमीदा बानू दूध विकत होती त्या गावाची मुलगी गदेसाठी लढली.

कृष्णाकाठची
मी होते तिथे. वडिलांना व्हीलचेअरवर घेऊन गेले होते. अंतिम कुस्ती संपल्यावर ते सारखे म्हणत होते, "एवढी गर्दी पोरींसाठी? एवढी?" माझी धाकटी आता तालमीत जाते. तिच्या वजनाच्या सात मुली आहेत तिथे. सात! तिला रोज कुणाशी लढायचं ते निवडावं लागतं.

लालमाती
नाद खुळा! पोरीला माझ्याकडून शेरभर बदाम.

विश्वामित्रीकाठ
मूळ प्रश्नाकडे वळू या का? तुमच्या घरी नाव निघायचं का, असं रानजाईंनी विचारलं होतं. रानजाई, तुमच्याच आजींनी हे नाव कुठून घेतलं ते कळलं का शेवटी? कोल्हापुरात बाईमाणसांना तेव्हा मैदानात जाता येत होतं का?

रानजाई
काल आत्याला फोन केला होता, तेच लिहायला आले. आत्या आता ८१ वर्षांची आहे.

आजी मैदानात गेली नव्हती. घरातले पुरुष गेले होते, आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि शेजारचे. आत्या तेव्हा लहान होती. तिला आठवतं ते एवढंच, की दिवस कलल्यावर सगळे एकदम परत आले, पायाला धूळ, आणि कुणी हात-पाय धुवायलाही थांबलं नाही. एरवी कुस्ती बघून आले की ओसरीवर डाव करून दाखवायचे, मोठमोठ्याने बोलायचे. त्या दिवशी पानावर बसले तेही मुकाट. आजीने वाढता वाढता विचारलं, "मग? कोण जिंकलं?"

कुणीच उत्तर दिलं नाही. आजोबांनी नुसतं पाण्याचं भांडं पुढे केलं.

आत्या म्हणते, आजी परत चुलीपाशी आली, आत्याला मांडीवर घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि तिच्या कानात हळूच म्हणाली, "जिंकली गं."